केरी ते पोळे, दोन गाड्या, २६ ते २९ डिसेंबर: किनाऱ्याचा रस्ता कसा आखावा?

डिचोलीकर
नमस्कार. पुण्याहून भाऊ आणि मेहुणे सहकुटुंब २५ ला चोर्ल्याच्या घाटातून डिचोलीला उतरतायत. मुक्काम चारही रात्री आमच्याकडेच. गाड्या दोन: एक डिझेल एसयूव्ही, मॅन्युअल गिअरची, आणि एक एएमटी (क्लच पेडल नसलेली) हॅचबॅक. माणसं नऊ, त्यात दोघं सत्तरीतली आणि तीन मुलं. एसयूव्ही चालवणाऱ्याला घाटाची सवय आहे, हॅचबॅकवाल्याला पुण्याच्या सिग्नलांची.

त्यांच्या डोक्यात ‘गोव्याचा कोस्टल रोड’ बसलाय. समुद्र उजव्या हाताला ठेवून सकाळी उत्तर टोकाच्या केरीहून निघायचं आणि संध्याकाळी दक्षिण टोकाच्या पोळेला पोचायचं, एका दिवसात. नकाशात किनारा जेमतेम शंभर किलोमीटर दिसतो, त्यामुळे माझं म्हणणं कोणी मनावर घेत नाही. त्यांना दाखवता येईल असं नेमकं काहीतरी हवंय. कुठला तुकडा गाडीने करण्यासारखा आहे, कुठला सोडून द्यावा, किती वाजता कुठल्या पुलावर असावं, दक्षिणेला करमल घाट धरावा की बेतूलचा रस्ता, आणि डिचोलीहून ये-जा करताना पणजीच्या अलीकडची पर्वरी टाळता येते का? ‘लवकर निघा, जपून चालवा’ एवढं मलाही येतं.

तुयेकर
डिचोलीकर बाब, किनाऱ्याला धरून जाणारा सलग रस्ता गोव्यात नाहीच, हे त्यांना आधी सांगा. किनारा सुमारे १०५ किमीचा खरा, पण उत्तरेकडून तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्या तो तोडतात. दर नदीपाशी रस्ता समुद्र सोडून पुलासाठी आत वळतो, पूल झाला की पुन्हा बाहेर जातो. शेवटच्या आठवड्यात वेळ खातात ते हे पूल आणि त्यांच्या तोंडावरचे बाजार. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका, पूल मोजा. एका दिवसात सातही नद्या ओलांडायच्या म्हटलं तर दिवस गाडीतच जाईल, आणि खिडकीतून समुद्र दिसेल तो एकूण काही मिनिटं.

उत्तरेत गाडीने करण्यासारखा तुकडा एकच, केरी ते मोरजी. त्यासाठी तुम्हाला पर्वरी तर सोडाच, म्हापसा शहरातही शिरायला नको. डिचोली, अस्नोडा, थिवी, करासवाडा असं येऊन राष्ट्रीय महामार्ग ६६ ला लागा. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळवरून पेडणे, तिथून हरमलच्या दिशेने केरी. सकाळी सातला निघालात तर साडेआठच्या आत केरीच्या सुरूच्या बनात असाल.

नकाशात ‘केरी’ टाकताना ‘पेडणे’ जोडायला विसरू नका. पाहुणे २५ ला ज्या केरीतून येणार ती सत्तरीतली, तिसरी केरी फोंड्यात आहे. तसंच अंजुणे म्हणजे त्याच सत्तरीतलं धरण आणि हणजूण म्हणजे बार्देशातला किनारा. इंग्रजी स्पेलिंगवरून शोधणारे दर मोसमात चुकतात. पाट्यांवर ‘हरमल’ लिहिलेलं असतं आणि पाहुणे ‘आरंबोल’ शोधत पुढे निघून जातात, तेही सांगून ठेवा.

केरी–तेरेखोल फेरीबोटीचा मोह होईल. दोन गाड्या घेऊन त्या दिवसांत मी म्हणेन की गाड्या केरीच्या धक्क्यावर ठेवा आणि माणसांनी पायी बोटीत बसावं. गाडी घेऊन पलीकडे गेलात की परतीच्या बोटीची रांग लागते. शिवाय अगदी खालच्या ओहोटीला बोट थांबू शकते, मग अरोंदा–किरणपाणी पुलावरून लांबचा वळसा. गाडी बोटीवर न्यायचीच असेल तर बोटीवरचा माणूस सांगेल तिथपर्यंत सरळ पुढे घ्या, इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. चढण्या-उतरण्याचा उतार ओला नि शेवाळलेला असतो, त्यामुळे त्यावर थांबून पुन्हा उचलायची वेळ येऊ देऊ नका. पुढची गाडी पूर्ण बोटीवर गेल्यावरच आपली हलवायची.

केरीहून खाली हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. रस्ता बहुतेक ठिकाणी दीड गाडीचा. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसरीकडे उघडं गटार. समोरून गाडी आली की गटाराच्या बाजूला किती सरकायचं हे शेजारी बसलेल्याने काच खाली करून पाहून सांगायचं, अंदाजावर नाही. सकाळी अकरानंतर बागा-हणजूणकडचा लोंढा शापोऱ्याचा पूल ओलांडून उत्तरेकडे येतो आणि सूर्य बुडाल्यावर तोच लोंढा परत फिरतो. तुम्ही केरीकडून खाली येताय, म्हणजे सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेने आहात. हा फायदा संध्याकाळपर्यंत थांबून घालवू नका. मोरजी दुपारी तीनला सोडा.

आणि इथेच लोक चुकतात. चोपड्याला आल्यावर नकाशा सरळ पूल ओलांडून शिवोलीत घालतो. हा पूल २००२ पासून आहे, पण पलीकडचा शिवोलीचा बाजार आहे तेवढाच अरुंद राहिलाय. डिचोलीला जाणाऱ्याने पूल ओलांडायचं कारणच नाही. चोपडे, आगरवाडा, पार्से, तुये करून वर धारगळला महामार्ग पकडा आणि सकाळच्याच वाटेने घरी जा. अंतर थोडं वाढतं, वेळ मात्र निम्म्यावर येतो.

कळंगुट, बागा, कांदोळी गाडीने करूच नका. सिकेरीपासून बाग्यापर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर त्या आठवड्यात तासाच्या वर जातात, समुद्र कुठेच दिसत नाही, आणि पोलीस गर्दी पाहून एकमार्गी रस्ते बदलतात ते नकाशाला उशिरा कळतं. पाहुण्यांना बागा पाहायचाच असेल तर सकाळी आठला जाऊन साडेदहाला बाहेर पडा. पर्राच्या माडांच्या रस्त्यावर फोटोसाठी गाडी उभी करायची नाही. मागे पाच मिनिटांत रांग लागते, आणि तो गावातल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे.

साष्टीकर
उत्तरेचं तुयेकरांनी सांगितलंच. खरा किनारी रस्ता दक्षिणेत आहे: असोळणा, बेतूल, काब द राम, आगोंद, पाळोळे. पण पाहुण्यांनी दिशा उलटी धरलीय.

आपण डावीकडून गाडी चालवतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे. थांबायचं झालं तर प्रत्येक वेळी समोरची लेन कापून जायचं, निघताना पुन्हा कापून यायचं, आणि तेही वळणावळणाच्या रस्त्यावर. दक्षिणेकडून उत्तरेकडे आलात तर समुद्र डावीकडे, आपल्याच बाजूला. दुसरं कारण उन्हाचं. डिसेंबरात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, नैर्ऋत्येकडे बराच सरकलेला असतो. दुपारी चारनंतर दक्षिणेकडे चालवणाऱ्याच्या काचेवर तिरकं ऊन येतं आणि वळणावर सावलीत उभी स्कूटर दिसत नाही. उत्तरेकडे येणाऱ्याच्या ते डाव्या खांद्यामागे राहतं.

म्हणून सकाळी महामार्गाने थेट खाली चावडीपर्यंत (काणकोणचा मुख्य बाजार) जा आणि किनाऱ्याने वर या. डिचोलीहून पर्वरी, पणजी काही लागत नाही. आमोण्याचा पूल, खांडोळा, माशेल, फोंडा, बोरीचा पूल, राय, मडगाव, नावेली, कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट, चावडी. साधारण ८५ किमी. बोरीचा पूल जुना, दोन लेनचा, ट्रकांचा. सकाळी सातच्या आत तो मागे टाका. झुआरीचा नवा आठपदरी पूल रुंद आहे, पण तुम्हाला तिथवर पोचायला मांडवी ओलांडावी लागते आणि पर्वरीत उन्नत मार्गाच्या कामामुळे वळणं सारखी बदलतात. ते लफडं नकोच.

आता परतीचा तुकडा. आगोंद सोडलं की रस्ता चढतो, खोल गावातून काजूच्या बागा आणि पठार असं करत काब द रामच्या किल्ल्याला येतो. समुद्र सतत दिसत नाही, ही अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. किल्ल्यावरून मात्र खाली पूर्ण किनारा दिसतो, आणि पुढे काणागिणी आणि बेतूलच्या वरच्या पठारावर रस्ता उघडा होतो. त्या दोन ठिकाणांसाठीच हा रस्ता करायचा. बेतूलच्या उतारावरून साळ नदीचं मुख आणि पलीकडचं मोबोरचं वाळूचं टोक एका नजरेत येतं. उतारावर गाडी थांबवू नका, खाली सपाटीवर जागा आहे.

मोबोरहून बेतूल हाताच्या अंतरावर दिसतं, त्यामुळे नवखे केळशीच्या रस्त्याने टोकापर्यंत जातात आणि नदीपाशी अडकतात. तिथे गाडीला पूल नाही. मागे फिरून कार्मोणा, ओर्ली, चिंचोणे, असोळणा असंच यावं लागतं. आणि केळशीही दोन आहेत, एक कासावलीजवळ. आपल्याकडे गावांनी नावं वाटून घेतलीत.

बेतूलहून असोळण्याकडे येताना कुटबणचा मासळीचा धक्का लागतो. ट्रकांतून गळणारं बर्फाचं आणि मासळीचं पाणी रस्त्यावर पडतं, त्यात तेलकटपणा असतो. दुचाकी तिथे हमखास घसरतात. पुढच्या स्कूटरपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवा, वळणावर ब्रेक दाबू नका, आधीच वेग उतरवून घ्या.

बेतूल ते आगोंद पेट्रोलपंपाच्या भरवशावर राहू नका. मडगाव, कुंकळ्ळी किंवा चावडीला टाकी भरा. खोल भागात मोबाइलची रेंजही मधेमधे जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

कोलवा, बाणावली, वार्का हा पट्टा या सहलीतून काढलात तरी चालेल. रस्ता सपाट आणि घरांमधून जाणारा, समुद्र पाचशे मीटर पलीकडे. किनारा उत्तम आहे, ड्राइव्ह काही नाही.

चावडी_६६
साष्टीकरांच्या दिशेशी सहमत. वेळेबद्दल थोडं वेगळं मत आहे, ते खाली देतो. आधी करमल घाट.

बार्से सोडलं की घाट सुरू होतो. दोन लेन, जंगल, एकामागून एक आंधळी वळणं, आणि कारवारकडचे अवजड ट्रक. अपघात होतात ते बहुतेक चढावर रांगणाऱ्या ट्रकला ओलांडताना. ट्रकवाला हात दाखवून ‘जा’ म्हणतो ते त्याला दिसतं तेवढ्यापुरतंच असतं, त्याच्यावर विसंबू नका. ट्रकच्या मागे राहिल्याने संपूर्ण घाटात दहा मिनिटं जातात, त्याहून जास्त नाही. ट्रकपासून इतकं मागे राहा की त्याचे दोन्ही आरसे दिसतील, नाहीतर पुढचं वळण दिसत नाही आणि धूर तुमच्या एसीत येतो. मधला पट्टा सलग असेल तिथे ओलांडायचं नाही, आणि घाटात तो जवळजवळ सलगच आहे.

अरुंद चढावर समोरासमोर आल्यास चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. खोलच्या रस्त्यावर पर्यटकांना तो माहीत नसतो, म्हणून वाद घालण्यापेक्षा ज्याच्या मागे रुंद जागा जवळ त्याने मागे यावं. दोन गाड्यांचा ताफा असल्याने एक गोष्ट मुद्दाम पाळा. दुसऱ्या गाडीने पहिलीला चिकटून अरुंद भागात शिरायचं नाही. पहिली पलीकडे जाईपर्यंत दुसरी रुंद जागेवर थांबली पाहिजे. दोघी नाकाला शेपूट लावून घुसल्या की मागे यायला कोणालाच जागा नसते, आणि हॅचबॅकवाल्याला चढावर रिव्हर्स घ्यावा लागतो. एकमेकांना पाहत चालवूच नका. पुढचं भेटायचं ठिकाण ठरवा (चावडीचा पंप, किल्ल्याचं पार्किंग, असोळण्याचं चर्च) आणि आपापल्या गतीने या.

चावडीला चार रस्त्यावरून माशेपर्यंत नवा बायपास आहे. तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्या त्याच्यावरच ओलांडल्या जातात. हा आमच्या भागातला सर्वांत सुंदर रस्ता, आणि म्हणूनच पुलावर गाडी लावून फोटो काढणारे असतात. पुलावर थांबू नका. तिथे वाहनं भरधाव असतात आणि बाजूला उभं राहायला जागा नाही. फोटो हवा असेल तर खाली तळपण गावात उतरा. पोळेपर्यंत जायचंच असेल तर बायपासने माशे, मग लोलये, पोळे. पोळेचा किनारा छोटा आणि शांत आहे, पण त्यासाठी वेळ सकाळचाच काढा.

पाळोळ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीत गाडी घालू नका. वर मुख्य रस्त्यालगत पार्किंगमध्ये ठेवून चालत जा. गल्लीच्या टोकाला वळवायला जागा नाही, आणि सकाळी अकरानंतर मागे परतताही येत नाही. आगोंदला आणि गालजीबागेला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री किनाऱ्यालगत हेडलाइट लावून उभं राहायचं नाही, वाळूवर गाडी तर नाहीच. उत्तरेत मोरजी-मांद्र्यालाही तेच. किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, हे भाड्याच्या जीपवाल्यांना बघून पाहुणे विसरतील.

आता वेळ. त्या आठवड्यात सूर्य साधारण सहा दहाला मावळतो. बहुतेक जण सूर्यास्त काब द रामला बघायचं म्हणतात. ज्येष्ठ आणि मुलं सोबत असताना माझा सल्ला नाही. सूर्यास्तानंतर सगळी गर्दी एकदम त्या एकाच रस्त्याने बाहेर पडते, दिवे नाहीत, गुरं रस्त्यावर बसलेली असतात कारण डांबर ऊबदार असतं, आणि हॅचबॅकवाल्याची ती पहिलीच रात्र. किल्ला चारला सोडा. सूर्यास्त बेतूलला बघा, पुढचा असोळण्यापर्यंतचा रस्ता वस्तीतला आहे. काही कारणाने किल्ल्यावरच अंधार झाला तर बेतूलकडे न जाता आगोंदला मागे फिरून महामार्ग आणि करमल घाट धरा. घाटात ट्रक आहेत, पण पट्टे, रिफ्लेक्टर आणि पक्क्या कडा आहेत.

साष्टीकर
किल्ल्याहून आगोंदला मागे फिरायचं हे मात्र पटत नाही. तिथून बेतूल पंधरा किमीच्या आत आहे. आगोंद, चावडी, घाट, कुंकळ्ळी असं फिरलात तर त्याच्या तिप्पट, आणि घाट रात्री. अंधार झालाच तर हळू या, पण बेतूललाच या. हेडलाइट खाली ठेवा, वळणाआधी एकदा वर-खाली करा. गुरं दिसली तर हॉर्न वाजवून उठवू नका, ती नेमकी तुमच्याच पुढून पळतात.

चावडी_६६
नव्या चालकासाठी बोललो, अंतरासाठी नाही. पण चारला निघालात तर हा वादच उरत नाही.

पाना_बारा_तेरा
मोसमात गॅरेजमध्ये येणाऱ्या पाहुण्या गाड्यांचे आजार दरवर्षी तेच असतात, म्हणून गाड्यांबद्दल लिहितो.

आधी एएमटी. हा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच फक्त यंत्र दाबतं. म्हणजे क्लच जळायचा तसाच जळतो, पायाला कळत नाही एवढंच. चढावर रांगेत थांबल्यावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरायची सवय पुण्याच्या उड्डाणपुलांवर लागलेली असते. तीच सवय बेतूलच्या चढावर दहा मिनिटं केली की जळका वास येतो, मग गिअर टाकायला वेळ लागतो, मग डॅशबोर्डवर दिवा. चढावर थांबलात की पाय ब्रेकवर. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पुढच्याने दोन-दोन फूट सरकवलं तरी तुम्ही सरकू नका, एक गाडीची जागा मोकळी झाली की एकदम जा. निघताना हँडब्रेक ओढलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरणारी सोय) असेल तर तो दोन-तीन सेकंदच धरतो, त्याच्या भरवशावर फोन बघू नका. जळका वास आलाच तर बाजूला घेऊन वीस मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लचला विश्रांती द्या. बहुतेक एएमटी गाड्यांना पार्किंगचा ‘पी’ गिअर नसतो. उतारावर लावताना गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, आणि पुढचं चाक गडग्याकडे वळवा.

उतरताना दोन्ही गाड्यांना नियम एक. ज्या गिअरवर चढला असतात त्याच गिअरवर उतरा. करमल आणि बेतूलला दुसरा, फार तर तिसरा. एएमटीला मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसरा लावा, ‘डी’मध्ये ठेवलीत तर गाडी वेग वाढला की वरचा गिअर घेते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. दाबून वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. पाच माणसं आणि सामान भरलेल्या हॅचबॅकचा ब्रेक तापला की पेडल लांब जातं किंवा दाबूनही गाडी थांबत नाही. अशा वेळी सपाटीवर थांबवा, चाकांवर पाणी ओतू नका (तापलेली डिस्क वाकते आणि मग कायमचा थरथराट लागतो), अर्धा तास गार होऊ द्या. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रांगेत उभं असताना तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, खिडक्या खाली, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण. काटा तरीही चढला तर बाजूला घ्या नि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं की हात भाजतो. निघण्यापूर्वी पुण्यातच कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा फिरतो का, आणि ब्रेक पॅड पाहून घ्या. त्या आठवड्यात इथे पार्ट मिळाला तरी रिकामा मेकॅनिक मिळत नाही.

वाळू. गाडी किनाऱ्यावर नेणार नाही म्हणता, पण पार्किंगची जागाच भुसभुशीत वाळूची असते. पुढची चाकं फिरायला लागली की लगेच पाय उचला. फिरवत राहिलात तर एका मिनिटात गाडी पोटावर बसते. सगळ्यांना उतरवा. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा. चालवणाऱ्या चाकांतली हवा ३२ वरून १८ पीएसआयच्या आसपास उतरवा, म्हणजे टायर पसरतो. चाकाखाली पायपुसणी नको, ती मागे उडते आणि कोणाच्या तरी तोंडावर बसते. झावळ्या किंवा फळी घाला. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ, हळू. शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेगाने जाऊ नका, कमी हवेचा टायर वळणावर रिमवरून सुटतो. डॅशबोर्डवर जोडायचा छोटा पंप दोन गाड्यांत मिळून एक तरी ठेवा.

खारी हवा चार दिवसांत काही करत नाही. सकाळी पहिला ब्रेक दाबल्यावर खर्र आवाज येईल, तो डिस्कवरच्या रात्रीच्या गंजाचा, चार वेळा दाबला की जातो. पुण्याला परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

आणि माडाखाली गाडी लावू नका. सावली बघून सगळे तिथेच लावतात. नारळ पडला तर काच जाते, सुकलेली झावळी पडली तर बॉनेट. विम्यात भरपाई मिळेलही, पण सहल गेली ना.

म्हापसेंकार
थोडं राहिलेलं. शुक्रवार असेल त्या दिवशी म्हापशाच्या बाजाराच्या आसपास फिरकू नका, बुधवारी हणजूणकडे नको, शनिवारी रात्री हडफडे नको. करासवाड्यावरून बाहेरच्या बाहेर जा.

भाड्याच्या स्कूटरवाल्यांपासून सावध. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की समजा, चालवणाऱ्याला गाडी आणि रस्ता दोन्ही नवे असू शकतात. इंडिकेटर चालू राहिलेला असतो, फोटोसाठी मधेच थांबतात. ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा, तेवढं नसेल तर ओलांडू नका. पाहुण्यांनी स्वतः स्कूटर घेतली तर काळ्या पाटीचीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्याला दोघांनाही.

बाहेरच्या पाटीच्या गाड्या मोसमात जास्त थांबवतात. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असेल तर चालतं, फोनमधला कागदाचा फोटो चालत नाही. काळी फिल्म असेल तर काढून या. मद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दोन गाड्या म्हणजे दोन कोरडे चालक, हे सकाळीच ठरवा, जेवणाच्या टेबलावर नाही. पार्किंगचे पैसे देताना छापील पावती मागा. अपघात किंवा आजारासाठी ११२ आणि १०८.

डिचोलीकर
सर्वांना देव बरें करूं. भावाला धागा पाठवला. तो ‘सात पूल’ वाचून गप्प झाला, त्यामुळे पोळेचा एकदिवसीय बेत रद्द. आता असं ठरवतोय: २६ ला उत्तर, केरी ते मोरजी, परत आगरवाडा-पार्से-धारगळ. २७ ला घरी, मुलांना मयेचं तळं. २८ ला दक्षिण: पहाटे साडेपाचला डिचोली, आमोणे, बोरी, आठला चावडी, पोळे, मग पाळोळ्याला नाश्ता, आगोंदला जेवण, दोनला आगोंद सोडायचं, काब द राम, बेतूल, असोळणे, मडगाव, बोरी, घर. हॅचबॅक त्या दिवशी घरीच ठेवून आमची सात माणसांची गाडी घ्यावी का, हा विचार चाललाय.

साष्टीकर
हॅचबॅक घरी ठेवायचा विचार उत्तम. एसयूव्ही आणि तुमची, दोन्ही चालक घाटातले. बेतात एकच बदल. पोळे आधी आणि पाळोळे नंतर केलंत तर नाश्ता दहाला होईल, ज्येष्ठांना चालणार नाही. आठला चावडीतच खाऊन घ्या, पाव-भाजी लवकर मिळते. मग पोळे, आणि पाळोळ्याला दहाच्या आत गाड्या लावा. परतीला बोरीच्या पुलावर साडेसात ते साडेआठ या वेळेत येऊ नका, मडगावला चहाला थांबून तो तास जाऊ द्या.

तुयेकर
२६ ला केरीहून बोटीने तेरेखोलला पायी जाणार असाल तर आदल्या रात्री ओहोटीची वेळ बघून ठेवा. सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी अगदी खाली असली तर क्रम बदला, आधी हरमल, मग केरी. धक्क्यावरच्या माणसाला विचारलं तरी तो नेमकं सांगतो.